डाव्या बाजूची दाढ

थोरलीची दाढ फुटली ती उकडलेल्या बटाट्यावर. अक्रोडावर फुटली असती, निदान भातातल्या खड्यावर फुटली असती, तर चारचौघांत सांगायला बरं. पण बटाटा! तोही सोललेला, मऊ, लेकीच्या ताटात उरलेला. कट् असा आवाज झाला, जिभेला काहीतरी धारदार लागलं, आणि तिने तळहातावर घेऊन बघितलं तर दाढेचा चांगला चतकोर तुकडा.

"खडा होता का गं?" नवऱ्याने विचारलं.

"बटाटा होता."

"मग फुटली कशी?" विचारलं आणि उत्तरही त्यानेच दिलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठलाही आवाज ऐकला की तो त्याचं मूळ शोधायचा. "झोपेत कराकरा दात खातेस. मला स्वप्नात केबल तुटताना ऐकू येते, दचकून उठतो, बघतो तर तू."

हे तो कित्येक महिने सांगत होता आणि ती उडवून लावत होती. आता पुरावा हातावर होता.

आणि हे झालं कुणाचं, तर जिची उमेदीची सगळी वर्षं लोकांचे दात करण्यात गेली तिचं. ती डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात बघतो, साचा घेतो आणि लॅबला पाठवून देतो. तिथे त्या साच्यात प्लास्टर ओतलं की कुणाचा तरी जबडा टेबलावर उभा राहतो, आणि मग त्यावर बसेल अशी कॅप कुणीतरी बारीक ब्रशने थरावर थर देत घडवतं, भट्टीत भाजतं, चकाकी आणतं. ते कुणीतरी म्हणजे ती. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, ट्यूबलाइटखाली, अनोळखी माणसांच्या चावण्या-हसण्याची सोय करण्यात तिची अर्धी हयात गेली होती.

इतकी वर्षं तिला तिथे सगळे नुसतं 'बाई' म्हणत. थोरली ती अलीकडे झाली. धाकटी आली, म्हणून झाली.

धाकटी शेजारच्या टेबलावर बसायला आली तेव्हा ब्रश कसा धुवायचा इथपासून थोरलीनेच तिला शिकवलं. पोरगी गुणी. मान खाली, हात चालू, "हो ताई, बरं ताई." पण वर्ष भरायच्या आत तिचा हात असा बसला की मालक तिच्या टेबलाशी अंमळ जास्तच रेंगाळू लागले. ते तिथे थांबले की थोरलीचा ब्रश थांबायचा. ती वर बघायची नाही. पण मालक अजून तिथेच आहेत हे तिच्या मानेला कळायचं.

त्यात मालकांच्या डोक्यात सुधारणेचं वारं शिरलं. धंदा कसा वाढवावा याचं कुठलंसं शिबिर करून आले आणि आत शिरल्या शिरल्या नजर पडेल अशी एक काचेची फळी त्यांनी भिंतीला ठोकली. प्रत्येकाला एकेक खण. डॉक्टरकडून परत आलेलं काम, म्हणजे बसली नाही, रंग चुकला, उंच झाली असली प्रकरणं, ज्याची त्याच्या खणात मांडून ठेवायची.

"म्हणजे काय होतं, लाजेकाजेने माणूस सुधारतो," मालक म्हणाले.

लाज वाटली, यात शंका नाही. काम सुधारलं का, हे मात्र कुणी मोजलं नाही. थोरलीचा खण बहुतेक मोकळाच असायचा. तरीही रोज सकाळी ती आधी बघायची तो धाकटीचा. तिथे एखादी कॅप दिसली की हिचा दिवस हलका जायचा. नाही दिसली की छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. हल्ली तर ते फळीपर्यंत पोहोचायच्या आधीच, जिन्याच्या वळणावर सुरू व्हायचं. कठडा धरून, कुणाची तरी वाट बघतोय असं दाखवत ती तिथे थांबायची. धाकटीच्या खणात भर पडली म्हणून हिच्या पदरात काही पडत होतं, असंही नव्हे. दुसऱ्याच्या खात्यातली तूट आपल्या खात्यात जमा होत नाही, एवढा हिशेब तिलाही येत होता. पण तो येतो म्हणून छातीवरचा पाटा उतरत नव्हता.

घरी गेलं की फोन. धाकटी आपल्या कामाचे फोटो टाकायची. काळ्या कापडावर एकच दात, बाजूने उजेड, खाली बघणाऱ्यांच्या लाल बदामांची रांग. थोरली दोन बोटांनी तो दात मोठा करायची, अजून मोठा करायची, कुठे बुडबुडा राहिलाय का, कडेला भेग आहे का. सापडायची नाही. मग स्वतःही एक बदाम टाकायची. नाही टाकला तर धाकटीला कळेल ना.

"कुणाचा गं दात?" लेक खांद्यावरून डोकावायची.

"कामाचा."

"भारीये."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

एकदा लेक शाळेच्या शर्यतीत तिसरी आली. धापा टाकतच घरात शिरली, बूटसुद्धा न काढता सांगितलं. थोरली म्हणाली, "पहिली कोण आली?"

निघून गेलं तोंडातून. लेकीने बूट काढले, नीट जागेवर ठेवले आणि त्यानंतर शर्यतीचा विषय घरात काढला नाही.

"अगं, पोरगी तिसरी आली," नवरा म्हणाला.

"मग मी काय वाईट बोलले? विचारलं फक्त."

खरंच फक्त विचारलं होतं. हल्ली तिला विचारायला दुसरं काही सुचतच नव्हतं.

तर अशा दिवसांत तो बटाटा आला.

दात करणारीचीच दाढ फुटली हे लॅबमध्ये कळलं असतं, तर चहाच्या वेळेला पंधरवडाभर पुरलं असतं. आणि धाकटी काय, हसली नसती, "ताई, खूप दुखतंय का हो?" असं विचारलं असतं, आणि ते तर अजिबात सोसलं नसतं. म्हणून थोरलीने मुद्दाम लांबचा डॉक्टर गाठला. हा आपलं काम मालकांकडे नाही, मालकांच्या मेहुण्याच्या लॅबकडे पाठवायचा. सगळा विचार करून केलेली गोष्ट.

"काय करता आपण?" डॉक्टरांनी आरसा आत घालत विचारलं.

"ऑफिसात आहे."

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. "ऑफिसात काही ताणबीण?"

"छे, छे! छान चाललंय." तोंडात आरसा असताना खोटं बोलणं सोपं. सगळंच आं आं ऐकू येतं.

त्यांनी डाव्या बाजूचा, वरचा-खालचा मिळून अर्धा साचा घेतला, फुटक्या दाढेवर तात्पुरती टोपी चिकटवली आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

त्याच आठवड्यात लॅबमधलं खिडकीचं टेबल रिकामं झालं. तिथे मास्तर बसायचे आणि समोरच्या दातांचं काम करायचे. समोरचे दात म्हणजे या धंद्यातली बडी आळी. दाढ कितीही चांगली करा, ती गालाआड जाते. समोरच्या दाताचं मात्र लोक नाव काढतात. शिवाय खिडकीत खरा उजेड. मास्तर निवृत्त झाले आणि सगळे त्या खुर्चीकडे न बघितल्यासारखं करून बघू लागले. थोरलीने तर मनातल्या मनात खुर्चीची उंचीही आपल्या मापाला लावून ठेवली होती. इतक्या वर्षांत तिला हवीशी वाटलेली ही एकच गोष्ट, आणि तीही तिने कधी मोठ्याने मागितली नव्हती.

मालकांनी दोघींना बोलावलं. "मला कुणाला दुखवायचं नाही. एकच काम दोघींनी करायचं. डॉक्टर दोन्ही घालून बघतील, पेशंट सांगेल कुठली बरी. जिची बरी, तिला खिडकी. आपण मधे नाहीच."

"समोरचा दात देणार?" थोरलीने विचारलं.

"समोरच्या दातावर प्रयोग करायला कोण उभं राहील, बाई? दाढ. मेहुण्याकडे काम तुंबलंय, त्याने थोडं इकडे ढकललंय. त्यातलीच एक घेऊ. डॉक्टरांशी बोललोय मी, त्यांनाही गंमत वाटली."

तुमच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. तिच्या आलं नाही. आता यावर ती नंतर स्वतःशी बरीच कारणं देत बसली: डाव्या बाजूच्या फुटक्या दाढा ढिगाने येतात, साच्यावर नुसता नंबर असतो, आपले दात आपण बघतो ते आरशात आणि तेही पुढचे. सगळी कारणं खरी. पण जबडा हातात होता आणि डोळे शेजारच्या टेबलावर होते, हे त्यांतलं सगळ्यात खरं.

साच्यातून दोन जबडे ओतले गेले. थोरलीने आपला बिजागरीवर बसवला, उघडमीट करून बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अरे देवा! बघा तर. एकाही दाढेला टोक राहिलेलं नाही, पाटीसारखं गुळगुळीत झालंय सगळं. ही बाई रात्रंदिवस कुणावर तरी दातओठ खातेय!"

"बाई कशावरून? बाप्या असेल," भट्टीवाला म्हणाला.

"जबडा बघ ना केवढासा. बाईच. घरात सासू असणार खमकी."

"नाहीतर ऑफिसात कुणी."

"कुणी का असेना, पण ज्याच्यावर खातेय तो मजेत आहे आणि हिच्या दाढा चालल्यात!"

सगळे हसले. धाकटी हसली नाही. ती आपला जबडा उजेडाकडे धरून फिरवत होती. थोरलीने नोंद घेतली: घाबरली.

मग कामाला लागली. आणि काय दाढ केली म्हणता! चारी टोकं डौलदार, मधल्या खोबणी रेखीव, बगलेला दुधाळ झाक. बिजागरी मिटली की टोक वरच्या दाढेला किंचित लागायचं. नियमाप्रमाणे तिने थोडं घासलं. पण घासलं तसा तो रेखीवपणा जाऊ लागला, आणि मालक तर दोन्ही कामं शेजारी शेजारी ठेवून बघणार होते. तिने पुन्हा एक थर चढवला. लागतंय तर लागू दे, केसाएवढं तर आहे. डॉक्टर बघून घेतील.

धाकटीची दाढ तयार झाली तेव्हा थोरलीला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. चपटी, बोथट, वापरून झिजल्यासारखी. नवीन वस्तू अशी कोण करतं? मालकांनीही भुवई उचलली. त्या रात्री थोरलीला गाढ झोप लागली, निदान तिला तसं वाटलं. सकाळी नवरा म्हणाला, "काल तर दोन केबल तुटल्या."

ठरल्या दिवशी ती डोकं दुखतंय सांगून लवकर निघाली आणि डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसली.

"नशीबवान आहात हं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यासाठी एक नाही, दोन कॅप आल्यात. लॅबवाल्यांची काहीतरी शर्यत लागलीय. तुम्ही पंच." आणि त्यांनी डबी उघडली.

आईला आपलं मूल गर्दीत लांबून ओळखू येतं, तसंच हेही. ते चार डौलदार कळस. आणि शेजारी ती चपटी.

थोरलीला आधी फक्त गरम झालं. मग एकेक करून सगळं आठवू लागलं: गुळगुळीत पाटी, खमकी सासू, भट्टीवाल्याचं हसणं. सगळ्यांत मोठ्याने हसलेलं कोण, तेही.

"आधी ही सुंदर बघू." डॉक्टरांनी तात्पुरती टोपी काढली, तिची दाढ तिच्या तोंडात बसवली आणि म्हणाले, "चावा."

तिने चावलं. डाव्या बाजूला खडा आल्यासारखं झालं. बाकीचे दात एकमेकांपासून दूर राहिले. डॉक्टरांनी निळा कागद मधे धरला, पुन्हा चावायला लावलं. "उंच आहे. काम देखणं आहे हो, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडाचं. हवं तर टोकं घासून बसवतो. दुसरी बघायची?"

इथे तिला थांबता आलं असतं. हिशेब सरळ होता. घासा म्हणायचं. घासून कोणतीही कॅप बसते. हीच बरी, असा निरोप जाईल, खिडकी मिळेल, आणि या तोंडात काय झालं हे या खोलीबाहेर कुणाला कळणार होतं? तिने 'घासा' म्हणायला तोंड उघडलं. डॉक्टरांना वाटलं, दुसरीसाठी उघडलंय. त्यांनी ती बसवली.

"चावा."

तिने चावलं आणि काहीच झालं नाही. काही लागलं नाही, टोचलं नाही, अडलं नाही. जबडा मिटला आणि मिटलेलाच राहिला. कानाजवळ एक शीर असते, ती तिला कधीची ताठलेली होती हे ती सैल पडल्यावर कळलं. कुणीतरी या झिजलेल्या तोंडाकडे नीट बघितलं होतं. त्याला न हसता, न सुधारता, ते जसं आहे तसं धरून त्याच्या मापाची दाढ केली होती. आणि ते तोंड कुणाचं, हे त्या कुणाला माहीतही नव्हतं.

"काढून पुन्हा पहिली घालू? नीट ठरवा. तिकडे दोघं वाट बघतायत."

"काढू नका," थोरली म्हणाली. विचार करून म्हणाली असं म्हणणं खोटं ठरेल. तोंडच म्हणालं.

डोळ्यांत पाणी बघून डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय?"

"नाही. तेच तर."

घरी लेक सफरचंद खात बसली होती. थोरली शेजारी बसली. "धावताना काय वाटतं गं तुला?"

"का?" लेकीने संशयाने बघितलं.

"असंच."

लेकीने जरा विचार केला. "पाय दुखतात. पण वळणावर मस्त वाटतं." आणि अर्धं सफरचंद पुढे केलं. थोरलीने डाव्या बाजूने चावलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सकाळच्या चहाच्या वेळी सांगितलं. धाकटीला खिडकी. टाळ्या झाल्या. थोरलीनेही वाजवल्या. आता मन मोठं झालं होतं म्हणून बोचलं नाही, असं काही नाही. चांगलं बोचलं. स्वतःच्या हाताने दिलेलं असलं तरी दिलेलं गेलेलंच असतं.

पण दुपार झाली तरी धाकटी जुन्याच टेबलावर. खिडकीतली खुर्ची रिकामी. थोरली ब्रश धुवायला मागच्या बेसिनवर गेली तर धाकटी तिथे नळ सोडून नुसतीच उभी.

"एवढी चपटी का केलीस गं?" थोरलीने विचारलं. टोमणा नव्हता, पण सवयीने तसा ऐकू आला.

धाकटी गडबडली. "रागावू नका ताई. ती जी कुणी बाई आहे ना, तिचा जबडा रात्रीचा थांबतच नाही. टोकं ठेवली असती तर तिला चावता आलं नसतं. एखाद्या रात्री फुटलीही असती."

"तुला काय माहीत?"

"माझ्या दोन फुटल्यात."

नळ वाहत होता. थोरलीने तो बंद केला. "कधीपासून?"

"इथे आल्यापासून." धाकटी बेसिनकडे बघत म्हणाली. "तुमच्या शेजारी बसायचं म्हणजे... तुमचा खण कायम रिकामा. सकाळी आले की मी आधी तोच बघते. एखाद दिवशी त्यात काही दिसलं तर, देवाशपथ ताई, बरं वाटायचं. मग दिवसभर स्वतःचीच लाज. फोटो टाकते तेसुद्धा, तुमचा बदाम येईपर्यंत झोप लागत नाही. आणि आता ती खिडकी. तिथे बसले की तुम्ही मागून बघणार."

वर्षभर जिच्या ओझ्याखाली थोरली वाकली होती, तिच्या पाठीवरही तेवढंच ओझं होतं, आणि ते हिचंच. दोन्ही बाजूंची बेरीज जुळत होती. शिल्लक मात्र कुणाकडेच नव्हती.

"आ कर," ती म्हणाली.

"काय?"

"आ कर म्हणते ना. उजेडाकडे."

धाकटीने आ केला. थोरलीने वाकून बघितलं. दोन्ही बाजूंनी पाटी. "अगं, तुझ्या तर माझ्यापेक्षा..." ती म्हणाली आणि जीभ चावली. इथेही!

"तुमच्यापेक्षा?" धाकटीने तोंड मिटत विचारलं.

मग थोरलीने तोंड उघडलं आणि बोटाने डावा गाल बाजूला धरला. धाकटी पुढे वाकली. आपलं काम आपल्याला ओळखू येतंच.

"म्हणजे ती खमकी सासू..."

"सासू कसली," थोरली गाल सोडून म्हणाली. "तूच ती."

आधी धाकटीला हसू फुटलं, मग रडू, आणि मग कामाची माणसं अशा वेळी जे करतात ते तिने केलं. हात पुसले आणि विचारलं, "मागून दाबतेय का?"

"नाही."

"गार पाणी?"

"लागत नाही. ऐक, माझा साचा घे. अर्धा नको, पुरा. रात्री दातांवर चढवून झोपायची पट्टी करायचीय. आणि तुझा मी घेते."

"आत्ता?"

"मग केव्हा? बस की त्या खिडकीत. नाही, आधी मी बसते. उजेड तिथे आहे."

धाकटीने वाटीत गुलाबी लगदा कालवला, ट्रेमध्ये भरला आणि मास्तरांच्या खुर्चीत बसलेल्या थोरलीच्या तोंडात बसवला. साचा घट्ट होईपर्यंत बोलता येत नाही, गिळता येत नाही, आणि नवख्या माणसाला वाटतं की आता गुदमरणार. इतरांचे शेकडो साचे हाताळलेली थोरली पुऱ्या साच्याच्या बाबतीत नवखीच निघाली. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"काय चाललंय तिकडे?" मालकांनी टेबलावरून हाक दिली.

"काम," धाकटी मान न वळवता म्हणाली. दोन बोटांनी तिने ट्रे वर दाबून धरला होता. "नाकाने श्वास घ्या, ताई. सावकाश. मी धरलंय."